वह्या वाचायला माणसं हवीत (आणि थोडे पैसेही)

सप्रेम नमस्कार.

मुलांच्या निबंधाच्या वह्या वाचणाऱ्यांसाठीचं हे आवाहन खरं तर जानेवारीतच निघायला हवं होतं. कार्यकारिणीत ठरलं, इतिवृत्तात नोंद झाली, लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मग पुस्तकांच्या खोक्यांची हलवाहलव अन् ऑफिसचा मार्चएण्ड यांत राहून गेलं. आता दहावीचे पेपर सुरू झालेत. लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

आपल्या वाचनालयाचा सुट्टीतला वाचन-लेखन वर्ग ठाण्याच्या वर्तकनगर, लोकमान्यनगरात कुणाला नव्याने सांगायला नको. तरी सुरुवात ज्यांनी केली त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. बाईंनी (कोणत्या बाई, हे विचारणारा आपल्याकडे नवीनच असणार) निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात पुढच्या खोलीतला सोफा विकला आणि तिथे सतरंजी घातली. तो आपला पहिला वर्ग. पहिली देणगी चौथ्या मजल्यावरच्या आजींची, पेन्शनमधले ५०१ रुपये. "सत्यनारायण घालणार होते, पुढच्या वर्षी घालीन," म्हणाल्या. पुढच्या वर्षीचे पैसेही इकडेच आले. सत्यनारायण राहिला तो राहिलाच. वागळे इस्टेटमधल्या फोरमनकाकांनी भंगारातल्या अँगलची मांडणी जोडून दिली. त्यांची कंपनी बंद पडली, मांडणी अजून डुगडुगत नाही. आणि प्रेसवाले काका! समास आखलेले कागद वर्षानुवर्षं फुकट छापून दिले आणि प्रेसला कुलूप लावलं त्या दिवशी उरलेली चार रिमं रिक्षात घालून स्वतः घेऊन आले. त्यातलं शेवटचं रीम गेल्या मे महिन्यात संपलं. रिकामं वेष्टन बाईंनी टाकू दिलेलं नाही.

आता वर्गात नेमकं काय चालतं ते सांगते, कारण पालकांना अजून वाटतं की आपण सुंदर हस्ताक्षराचा क्लास चालवतो.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच वर्गाशेजारून रोज ये-जा करणारी, दहावीला नव्वद टक्क्यांच्या वर असलेली एक मुलगी बी.ए.च्या पहिल्या सत्रात बाईंकडे रडवेली होऊन आली. कॉलेजने चौदा पानांचा लेख वाचून त्यावर टिपण लिहायला सांगितलं होतं. झेरॉक्स पुढे ठेवली तर पानंच्या पानं हायलायटरने पिवळी. काही सुटलंय का म्हणून बाईंनी पान उजेडाकडे धरलं. तर पृष्ठक्रमांकही पिवळा. "बाई, सगळंच महत्त्वाचं वाटलं," ती म्हणाली.

यात त्या मुलीची काही चूक नाही. दहावीच्या कृतिपत्रिकेत उतारा पुढ्यात असतो, आकृती पूर्ण करा म्हटलं की उत्तर त्याच उताऱ्यात सापडतं. निबंधाच्या प्रश्नाला, म्हणजे प्रसंग, आत्मकथन किंवा वैचारिक यांतल्या एकाला, ८० पैकी ८ गुण. तेवढ्यासाठी मुलं गाईडमधली तीन आत्मकथनं पाठ करून जातात आणि शाळेच्या फळ्याऐवजी पडक्या वाड्याचं आलं तर तोच फळा वाड्यात नेऊन टांगतात. गुण मिळतात. कॉलेजात मात्र उतारा कुणी कापून देत नाही आणि पाठ केलेलं चालत नाही. त्यात मराठी माध्यमाच्या मुलांपुढे बहुतेक वाचन एकदम इंग्रजीतून येऊन पडतं.

म्हणून आपण वर्तमानपत्राच्या अग्रलेखापासून सुरू करतो. प्रत्येक परिच्छेदापुढे समासात एकच ओळ लिहायची. परिच्छेद काय सांगतो ती नव्हे, काय करतो ती. मुद्दा मांडतो, दाखला देतो, समोरच्याचं म्हणणं सांगतो की ते खोडून काढतो? सगळ्यात जास्त मुलं इथे फसतात. लेखक विरुद्ध बाजू मांडतो ती पुढे खोडण्यासाठी, आणि मुलं तेच लेखकाचं मत समजून मोकळी होतात. हे एकदा कळलं की इंग्रजी लेखही घाबरवत नाही. त्याच्या समासात मराठीतून लिहायला आपण मुद्दाम परवानगी देतो. मग सारांश, मूळच्या एक तृतीयांश, स्वतःच्या शब्दांत. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर अवतरणात आणि नावासकट. नेटवरून उतरवण्याला मुलं "माहिती काढली" म्हणतात, ती सवय मोडायला दोन आठवडे जातात. मोबाइलकडून लिहून घेतलेला निबंध तर लगेच ओळखू येतो, त्यात ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नसते.

आणि मग निबंध, दोनदा. गेल्या वर्षी विषय होता, रविवारी येऊरच्या डोंगरावरल्या जंगलात गाड्यांना बंदी असावी का. किसननगरहून येणाऱ्या एका मुलाने "निसर्ग हा मानवाचा खरा मित्र आहे" अशी सुरुवात करून पुढे गाड्यांमुळे प्राणी बिथरतात, रस्ता तुंबतो असं बरंच लिहिलं. वही वाचणाऱ्या काकांनी समासात पेन्सिलने तीनच ठिकाणी लिहिलं, "कशावरून?" पुढच्या रविवारी हा पठ्ठ्या सकाळी तासभर येऊरच्या रस्त्याला उभा. दुसऱ्या खर्ड्यात निसर्ग-मित्र गायब. वहीच्या मागच्या पानावर पाच-पाचच्या काड्या, चारचाकी वेगळ्या, दुचाकी वेगळ्या आणि पायी जाणारे वेगळे. निबंधाचा शेवटही बदलला. बंदी नको, गाड्या खालीच थांबवा, म्हणाला.

पालकांसाठी एक जोड: यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर २५० गुणांचा असतो आणि एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. मला स्वतःला वर्गाची थोरवी अशी परीक्षांवरून सांगायला आवडत नाही, पण त्याशिवाय काही घरांतून मुलं येत नाहीत.

आता अडचण. आपली इमारत पुनर्विकासाला गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. पुस्तकं एका सभासदाच्या गॅरेजमध्ये खोक्यांत आहेत, बाईंचं भाड्याचं घर दोन खोल्यांचं आहे आणि वर्गाला जागा नाही. मराठी ग्रंथसंग्रहालय ज्या ठाण्यात १८९३ साली उभं राहिलं, २०१० साली साहित्य संमेलनाला ज्या ठाण्यात आपण सहकुटुंब गर्दी केली, तिथे साठ मुलांना शनिवार-रविवार बसायला जागा फुकट मिळत नाही. सहा ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी "लग्नाचं बुकिंग नसेल तर बघू" असं उत्तर मिळालं.

थोडं मनातलंही लिहिते, राग मानू नका. गेल्या वार्षिक सभेत "प्रत्येक सभासदाने एका वहीची जबाबदारी घ्यावी" हा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी चार जण आले. ग्रुपवर अंगठे मात्र एकसष्ट. दहीहंडीची वर्गणी दोन दिवसांत जमते, आम्हीही देतो, आनंदाने देतो. पण वर्गाच्या पावतीपुस्तकाची दहा पानं फाडायला मला तीन महिने जिने चढावे लागले.

हिशेब असा. हॉलभाडं २० बैठकांचे प्रत्येकी १,५०० प्रमाणे ३०,०००. झेरॉक्स आणि वह्या एका मुलामागे ६५०, साठ मुलांचे ३९,०००. इंग्रजी-मराठी शब्दकोश ६,०००. एकूण ७५,०००. शिल्लक २२,०००, कमी ५३,०००. कुणी हॉल मिळवून दिला तर निम्म्याहून जास्त प्रश्न तिथेच सुटला. पण पैशांपेक्षा वेळ हवा आहे. साठ मुलं, पाच निबंध, प्रत्येकाचे दोन खर्डे, म्हणजे ६०० वेळा कुणीतरी वही उघडून वाचायची. एकाला वीस मिनिटं धरली तर २०० तास. आज आपण सात जण आहोत. आणखी वीस मिळाले तर दहा आठवड्यांत प्रत्येकाला आठवड्याला जेमतेम पाऊण तास येतो. मराठीचे शिक्षकच हवेत असं नाही. "कशावरून?" विचारता आलं की पुरे, बँकेतले, एलआयसीतले, घर सांभाळणाऱ्या सगळ्या चालतील. वही घरी नेता येते.

वर्ग एप्रिलच्या पहिल्या शनिवारपासून, दुपारी ४ ते ६, नववी-दहावी झालेल्यांसाठी, फी नाही, नावं ३१ मार्चपर्यंत. देणगी रविवारी सकाळी १० ते १२ गॅरेजमध्ये, क्यूआर कोड शटरवर लावलाय. पावती मागून घ्या. ८०जीची करसवलत आहे, पण रोख २,००० पर्यंतच सवलतीला धरतात, वरची रक्कम चेक किंवा यूपीआयने. सवलत जुन्या करप्रणालीवाल्यांनाच. सवलतीसाठी लागणाऱ्या १०बीई प्रमाणपत्रासाठी पॅन द्यावा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलाबाळांनी पैसे पाठवू नयेत, परदेशी देणगी घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी आपल्याकडे नाही. त्यांच्या आईवडिलांनी स्वतःचे द्यावेत. वहीवाचकांची पहिली बैठक मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथेच, चहा आहे.

आपली,
कार्यवाह

ता. क. : वहीवाचकांनी लाल पेन आणू नये. आपण पेन्सिलनेच लिहितो. पेन्सिली भरपूर आहेत.