अंगठा जिथे पडेल तिथे

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. "नाव टाकू नका ताई, लोक सकाळपासून दारात येऊन बसतात आणि हातातली कामं रखडतात," असं तुम्हीच बजावलं होतं. तेव्हा नाशिकच्या आडगाव नाक्याच्या अलीकडची गॅरेजची पत्र्याची शेड, एवढंच सांगते.

आज सकाळी सहाला अण्णांनी बुलेट बाहेर काढली. आईने चहाचं आधण ठेवलं होतं. आवाज ऐकून तिने गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. बोलली काहीच नाही. अशोकनगरच्या आमच्या गल्लीत तो आवाज दोन वर्षांनी घुमत होता. मी मुद्दाम आदल्या रात्री माहेरी मुक्कामाला गेले होते. अण्णा कोपऱ्यावरून वळून दिसेनासे झाले तरी आम्ही दोघी तिथेच उभ्या. तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे, आणि आता लिहितानाही डोळे भरून येतायत.

गाडी 1982 ची. अण्णा तेव्हा सातपूर एमआयडीसीत प्रेस शॉपला होते, नुकतं लग्न झालेलं. 346 सीसीचं ओतीव लोखंडी इंजिन, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. ती सुरू करणं म्हणजे रोजची पूजाच असायची. गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची, चावी फिरवायची, किक हळूहळू दाबत अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा. मग डिकॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारी छोटी दांडी, ओढून किक जराशी पुढे सरकवायची, डिकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग सगळं अंग तिच्यावर टाकायचं. मला टाकीवर बसवून अण्णा म्हणायचे, "काटा मध्ये आला की सांग." मी "आला!" असं ओरडले की किक बसायची. गाडी माझ्या ओरडण्यानेच सुरू होते, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा गुडघा बदलला. सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा, पण किक मारायची नाही. अण्णांनी मान हलवली, घरी येऊन बुलेटवर ताडपत्री टाकली आणि तिला दोरी बांधली. गाठी इतक्या घट्ट होत्या की पुढे मला त्या सुरीने कापाव्या लागल्या.

सेल्फ, म्हणजे किकऐवजी बटणाने इंजिन सुरू करणारी मोटर, बसवायचं मी ठरवलं. त्यानंतर जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय तुमचे आभार पुरे होणार नाहीत. पहिलं गॅरेज मोठ्या रस्त्यावरचं, काचेच्या दाराचं. पंधरा हजार आगाऊ घेतले आणि गाडी अडीच महिने ठेवली. परत दिली तेव्हा बटण दाबलं की मोटर नुसती करकर करायची, इंजिन हलायचंच नाही, आणि चेनकेसमधून, म्हणजे साखळीच्या कव्हरातून, गळणाऱ्या ऑइलचं थारोळं फरशीवर. विचारलं तर म्हणे, "एवढ्या जुन्या गाडीत असंच होणार." दुसरीकडे मी बोलत होते आणि तो माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघत होता, घरातलं कुणी पुरुष माणूस येतंय का म्हणून. शेवटी वीस हजारांत गाडी विकत मागितली. तिसऱ्याने तर अण्णांच्या समोर मला सांगितलं, "बहात्तराव्या वर्षी कसली हौस? त्यांना स्कूटर घेऊन द्या." अण्णा तिथेच लाकडी बाकावर बसले होते. रिक्षातून घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. तो रिक्षातला अर्धा तास मी विसरणार नाही.

मग तुम्ही. पहिल्या भेटीत तुम्ही माझ्याशी चार वाक्यं बोललात आणि मग स्टूल ओढून अण्णांसमोर बसलात. "काका, गाडी पाय मागे फेकते का?" अण्णांचा चेहरा उजळलेला मला दिसला. इतक्या दिवसांत गाडीबद्दल गाडीच्या मालकाला कुणी पहिल्यांदा विचारलं होतं. फेकते, म्हणाले. दोनदा नडगी फुटली आहे. तुम्ही म्हणालात, "मग सेल्फ नंतर. आधी ही किकने सरळ सुरू झाली पाहिजे." टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे गेलेलं असलं की स्फोट वेळेआधी होतो आणि इंजिन उलटा झटका मारतं. माणसाची नडगी फुटते तसा तोच झटका सेल्फच्या एकाच दिशेने फिरणाऱ्या वन-वे क्लचला फोडतो. काचेच्या दाराआड अडीच महिन्यांत हे कुणी पाहिलं नव्हतं, तुम्ही एका प्रश्नात काढलंत. पॉइंट, टायमिंग, कार्बोरेटर, सगळं आधी जागेवर आणलंत आणि मगच चेनकेसला हात घातलात. पुढे 6 व्होल्टची 12 व्होल्ट कशी केली, मोटर कुठे बसवली, ते मला नीट सांगता येणार नाही. बॅटरी मोठी लागली हे माहीत आहे, आणि फरशी कोरडी आहे हेही.

पण आभार मानायचेत ते यासाठी नाही. कामाचे पैसे तुम्ही घेतलेत, ते दिले.

अण्णांच्या उजव्या हाताचा अंगठा अर्धा आहे. 1991 साली पॉवर प्रेसमध्ये गेला. घरात त्यावर कुणी बोलत नाही. फोटोत ते मूठ मिटून उभे राहतात, पंगतीत तो हात ताटाआड धरतात. सेल्फचं बटण सगळीकडे उजव्या मुठीजवळ असतं. पहिल्या गॅरेजनेही तिथेच लावलं होतं, आणि ते दाबायला अण्णांना एक्सलेटर सोडून तर्जनी वाकडी करावी लागायची. त्यांनी तक्रार केली नाही. मी त्यांची मुलगी, माझ्याही लक्षात आलं नाही.

तुमच्या लक्षात आलं. कधी पाहिलंत कोण जाणे. त्या शनिवारी तुम्ही आधी हात साबणाने धुतलेत, पुसलेत आणि अण्णांना गाडीवर बसवलंत. "काका, डोळे मिटा. गाडी चालवताना धरता तसं हँडल धरा." मग डाव्या मुठीकडे जाऊन म्हणालात, "आता डावा अंगठा जिथे आपसूक पडतो तिथे राहू द्या." खडूने तिथे खूण केलीत. त्यांना उतरवलंत, पुन्हा बसवलंत, पुन्हा डोळे मिटायला लावलेत. तीनदा. तिसऱ्या वेळी अंगठा बरोबर खुणेवर पडला तेव्हा म्हणालात, "बस, इथेच." उजव्या हाताचं नावही काढलं नाहीत. शेडमध्ये दोन गिऱ्हाईकं होती, तुमचा पोऱ्या होता, त्यांना वाटलं बटणाची जागा अशीच ठरवतात. फक्त अण्णांना कळलं आणि मला. घरी आल्यावर रात्री जेवताना अण्णांनी उजवा हात ताटासमोर ठेवला होता. मी पाहिलं आणि मान खाली घातली.

बिलात बटण नव्हतं. विचारलं तर म्हणालात, दुसऱ्या गाडीचं पडलेलं होतं. ते नवं कोरं होतं भाऊ, मी पाहिलंय.

आणि किक काढली नाहीत. "बॅटरी उतरली तर काका रस्त्यात अडकायला नकोत. कुणाही पोराला सांगा, मारेल," म्हणालात.

गल्लीतली पोरं आणि काही जुने बुलेटवाले अण्णांना चिडवतात की सेल्फ लावला, बुलेटचा मान गेला. त्यांना मी सांगते, 1912 साली कॅडिलॅक मोटारीत सेल्फ आला त्याआधी पुढून हँडल फिरवताना माणसांचे हात मोडायचे. माणूस वाचावा म्हणून ही वस्तू आली. आणि 2023 च्या नव्या बुलेटला तर कंपनीने किकच ठेवलेली नाही. मान कसा राखायचा हे त्या शनिवारी तुमच्या शेडमध्ये दिसलं.

मी तेव्हापासून माणसांचे हात बघत असते. आमच्या दवाखान्यातली एक सिस्टर म्हाताऱ्यांना सुई टोचण्याआधी स्वतःचे तळवे चोळून गरम करते. कोपऱ्यावरचा भाजीवाला आईची पिशवी तिच्या वाकत्या खांद्याकडे बघून दोन हातांत विभागून देतो. ही माणसं याचे पैसे लावत नाहीत, याबद्दल बोलतही नाहीत. या शहरात रोज जगण्याची हिंमत मला काचेच्या दारांमुळे येत नाही, अशा माणसांमुळे येते. पूर्वी मी त्यांच्याकडे पाहतच नव्हते.

आज अण्णा सोमेश्वरपर्यंत जाऊन आले. आठ वाजता परतले तेव्हा हेल्मेट काढताना केस घामाने चिकटले होते आणि खिशात आईसाठी मोगऱ्याचा गजरा होता. स्टँडवर घेण्याआधी त्यांनी मला हाक मारली. चावी फिरवलेली होती. "ये, काटा बघ," म्हणाले. मी चाळिशीतली बाई पळत गेले. ते किक हाताने हळूहळू दाबत होते, उगाच, सवयीने. काटा मध्ये आला. मी "आला" म्हटलं, आणि त्यांनी डाव्या अंगठ्याने बटण दाबलं.

पुढच्या रविवारी ते ऑइल बदलायला तुमच्याकडे येतील. बरोबर डबा पाठवते आहे, तुमच्यासाठी आणि पोऱ्यासाठी, मांडे आणि आमरस. परत पाठवू नका.

तुमची,
बुलेटवाल्या अण्णांची मुलगी