फूल सुंदर आलंय, नाव कुठून सांगू?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

नावं ओळखायला तू पाठवलेले रानफुलांचे बाराही फोटो पाहिले. देखणे आहेत, पण त्यातल्या आठांचं नाव छातीठोकपणे सांगता यायचं नाही. प्रत्येक ठिकाणी तू फूल समोरून टिपलंयस आणि या दिवसांतल्या फुलांची खरी गोम असते त्यांच्या पाठीशी.

थंड प्रदेशात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, उन्हाळा सरताना, माळावर जे पिवळं-जांभळं दिसतं त्यातलं बरंचसं सूर्यफुलाच्या कुळातलं. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर फुलांचा गुच्छ. कडेची प्रत्येक ‘पाकळी’ म्हणजे एक किरणपुष्पक आणि मधली चकती म्हणजे बारीक नळ्यांसारख्या बिंबपुष्पकांची दाटी. गुच्छाला खालून हिरव्या छदांचा (पानासारख्या छोट्या खवल्यांचा) पेला असतो. छदं कौलांसारखी एकावर एक रचलेली आहेत की एकाच ओळीत, टोकं चिकटून आहेत की बाहेर वळलेली, त्यांवर चिकट केस आहेत का, यावरून जात ठरवायला मोठा आधार मिळतो. समोरून काढलेल्या फोटोत यातलं काहीच उतरत नाही.

तेव्हा एका झाडाचे किमान पाच फोटो घे: फूल समोरून, फूल बाजूने (पेला दिसेल असं), खोडाच्या मध्यावरचं पान, त्याच पानाची मागची बाजू, आणि पान खोडाला जुळतं तो सांधा. जमलं तर अख्खं झाडही घे, उंचीचा अंदाज येतो. सांध्याचा फोटो हमखास राहतो आणि नेमका तोच नडतो. न्यू इंग्लंड ॲस्टर या जांभळ्या अमेरिकी रानफुलाचंच बघ. त्याच्या पानाला देठ नसतो, पानाचा तळ दोन्ही कानांनी खोडाला कवटाळतो, आणि एका फुलात किरणपुष्पकं सहसा 40 हून जास्त. या दोन खुणा मिळाल्या की बरेच इतर ॲस्टर बाद होतात. जुन्या पुस्तकात तो ‘ॲस्टर’ या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) सापडेल. 1994 साली अमेरिकेतल्या बऱ्याच ॲस्टरांना ‘सिम्फिओट्रिकम’ या प्रजातीत हलवलं, त्यामुळे पुस्तक आणि फोनवरचं झाडं ओळखणारं ॲप यांची नावं जुळली नाहीत तर गोंधळू नकोस. रानसूर्यफुलांत आणखी एक मेख आहे. खालची पानं अनेकदा समोरासमोर असतात आणि वरची एकाआड एक. नुसता शेंडा टिपलास की फसलास.

चिकोरीची निळी फुलं सकाळीच गाठ, उन्हाच्या दिवसांत दुपारपर्यंत ती मिटतात. इव्हनिंग प्रिमरोझचं उलट. ती संध्याकाळी उमलते आणि ऊन चढलं की मान टाकते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने 1751 साली फुलांच्या उमलण्या-मिटण्यावरून वेळ सांगणाऱ्या घड्याळाची कल्पना मांडली ती अशाच वेळापत्रकांवरून.

आता फोनचं. बारीक देठावर फोकस बसत नाही, तो मागच्या गवतावर धावतो. फुलामागे तळहात धर, पडद्यावर फुलावर बोट दाबून ठेव, फोकस लॉक झाला की हात काढून घे. वारा असेल तर शटरचा वेग 1/250 सेकंदापेक्षा मंद होऊ देऊ नकोस आणि लागोपाठ पाच-सहा फोटो घे, एखादा तरी स्थिर निघतो. पिवळी आणि पांढरी फुलं फोटोत भाजल्यासारखी येतात, म्हणून एक्स्पोजर (फोटोतला उजेड) अर्धा टप्पा खाली आण. निळा-जांभळा रंग फोन बऱ्याचदा बदलतो, कधी गुलाबीकडे, कधी निळ्याकडे. रंग जागेवरच शब्दांत लिहून ठेव. दवाचे थेंब फोटोत छान दिसतात, पण लव झाकतात, आणि लव ही मोठी खूण आहे. एक पान हलकेच झटकून घ्यावं. शेजारी छोटी पट्टी ठेवलीस तर मापही मिळतं.

छत्रीसारख्या पांढऱ्या फुलोऱ्यांच्या बाबतीत मात्र घाई नको. रानगाजराच्या खोडावर केस असतात, छत्रीखालची छदं फाटून दोऱ्यांसारखी झालेली असतात आणि मधोमध कधीकधी एखादं गडद जांभळं बारीक फूल असतं. ते नसलं म्हणून रानगाजर नाही असं नव्हे. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या विषारी हेमलॉकचं खोड गुळगुळीत आणि त्यावर जांभळे डाग. ओळख पक्की होईपर्यंत तोडणं, चुरगाळणं, वास घेणं बंद. त्याच कुळातल्या, पिवळ्या छत्रीच्या रानपार्सनिपचा रस तर नुसता कातडीला लागून त्यावर ऊन पडलं तरी फोड येतात.

आणि हो, शिंका येतात म्हणून पिवळ्या तुऱ्यांच्या गोल्डनरॉडला बोल लावू नकोस. त्याचे परागकण जड आणि चिकट, ते कीटक वाहून नेतात. त्याच सुमारास हिरवट, लक्षातही न येणारी फुलं घेऊन रॅगवीड उभं असतं, आणि त्याचे पराग वाऱ्यावर उडतात. चेहरा नसल्याने आरोपी सुटतो, दुसरं काय!

ॲपचं म्हणणं प्रजातीपर्यंत मान, जातीचं नाव मात्र पाच फोटोंशी पडताळून घे. सातव्या फोटोतल्या पिवळ्या फुलाची बाजू आणि पानाचा सांधा पुन्हा पाठव, बाकीचं तेव्हा बघू.

तुझा,
मिलिंद