आधी ठेव, मग खाण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात तेलवाळूच्या नव्या उघड्या खाणींना परवानगी द्यावी, असा सूर असलेला आपल्या अंकातील लेख वाचला. आपण बहुतांश खनिज तेल बाहेरूनच आणतो, तेव्हा जगात कुठेही तेल वाढले तरी ते आपल्या पथ्यावरच पडेल, हा त्यातील मुद्दा मला मान्य आहे. मात्र खाण संपल्यानंतरच्या खर्चाबद्दल लेखात अवाक्षरही नाही.

या खाणींतले तेल साध्या विहिरीतून उपसता येत नाही. ते वाळूच्या कणांना डांबराच्या रूपात चिकटलेले असते. वरचे जंगल तोडून, दलदलीचे पाणी काढून आणि मातीचे थर बाजूला सारून ही वाळू अजस्र यंत्रांनी खणतात, चारशे टनी डंपरमधून वाहून नेतात आणि गरम पाण्यात घुसळून डांबर फेसाबरोबर वर आणतात. एका बॅरलसाठी सुमारे दोन टन वाळू लागते. उरलेले गढूळ पाणी बांध घालून साठवतात. त्यातली वाळू तळाशी बसते, पण चिकणमातीचे बारीक कण अनेक दशके निवळत नाहीत. या तळ्यांवर पक्षी उतरू नयेत म्हणून तोफेसारखे बार काढले जातात, बुजगावणीही उभी केली जातात (ज्वारीच्या शेतातली आपली युक्ती तिथेही पोहोचली म्हणायची), तरीही एप्रिल २००८ मध्ये एकाच तळ्यात सुमारे १,६०० बदके मेली.

पहिली मोठी व्यावसायिक खाण १९६७ मध्ये सुरू झाली. पूर्ववत केलेल्या जमिनीचे पहिले सरकारी प्रमाणपत्र मात्र २००८ मध्ये मिळाले, तेही १०४ हेक्टरांपुरते. अल्बर्टाच्या महालेखापालांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, तेलवाळू आणि कोळशाच्या खाणींची जमीन पूर्ववत करण्याचा अंदाजित खर्च सुमारे २०.८ अब्ज कॅनेडियन डॉलर असताना सरकारकडे ठेव होती जेमतेम १.५७ अब्ज डॉलरची. याचे कारण असे की, जमिनीखाली शिल्लक असलेले तेलच तारण म्हणून धरण्याची कंपन्यांना मुभा आहे. तेलाचा भाव कोसळला की ते तारणही कोसळते, आणि कंपनी अडचणीत येण्याची वेळही नेमकी तीच असते.

नंदुरबार जिल्ह्यातील वाचकांना हा हिशेब नवा नाही. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील गावे बुडाली. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ हे तत्त्व कागदोपत्री मान्य असूनही अनेक कुटुंबांच्या दारात पाणी आधी आले आणि तळोदा-शहाद्याकडची जमीन मागाहून मिळाली. काम एकदा पुढे सरकले की मागे राहिलेल्या माणसांच्या अर्जाला कोण विचारतो?

म्हणूनच, जमीन पूर्ववत करण्याची पूर्ण रक्कम पहिला डंपर हलण्यापूर्वी रोखीने सरकारजमा करण्याची अट परवान्यात असेल, तरच लेखकाच्या शिफारशीला माझी हरकत नाही. ही अट घातल्यावर खाण परवडत नसेल, तर ते तेल मुळातच स्वस्त नव्हते.

– एक वाचक, तळोदा (जि. नंदुरबार)