गव्हर्नर गेले, कलमं राहिली: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

आमच्या गल्लीतल्या गटाराचं काम नव्या नगरपरिषदेने ठराव करून मंजूर केलं आणि राज्याच्या नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली त्याला स्थगिती आली. कारण विचारलं तर "वरून आलंय" एवढंच. गेल्या पावसाळ्यात ते पाणी आमच्या स्वयंपाकघरात शिरलं. कोठी विटांवर ठेवूनही तळाची ज्वारी कुजली. आई डेंग्यूने दवाखान्यात होती आणि मी फवारणीसाठी हात जोडत फिरत होतो. जायचं कुणाकडे? तेव्हा नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते.

साहेब, मी शाळेत इतिहास शिकवतो. १९१९ च्या कायद्याने शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती भारतीय मंत्र्यांना दिली. पोलीस, महसूल, तिजोरी गव्हर्नरकडे राखीव. शाळा मंत्र्याने काढायची, पैशासाठी दार राखीव खात्याचं ठोठवायचं. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक स्वायत्तता आली, पण गव्हर्नरच्या 'विशेष जबाबदाऱ्या' आणि प्रांताचा कारभार थेट गव्हर्नरच्या हाती देणारं कलम ९३ सोबत घेऊनच. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोंनी कुणालाही न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढलं. मुंबईत बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि १९४६ पर्यंत गव्हर्नरने त्याच कलमाखाली प्रांत चालवला.

हे शिकवताना पूर्वी मुलांना परक्या राज्याची चीड यायची. आता ती विचारतात, सर, आपल्या गावात वेगळं काय आहे?

काय सांगू त्यांना? ७४ व्या घटनादुरुस्तीने मुदत संपण्याआधी निवडणूक बंधनकारक केली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मतदान जानेवारी २०२६ मध्ये झालं. आरक्षणाचा खटला चालू होता, मान्य. पण म्हणून लोकांनी इतकी वर्षं बिनप्रतिनिधी राहायचं? घटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय आहेत. ते द्यायचे की नाही, राज्याची मर्जी. मुख्याधिकारी तुमचा, निधी तुमचा, स्थगितीही तुमचीच. दिल्लीने राज्याच्या अधिकाराला हात लावला की सगळे पक्ष विधानसभा डोक्यावर घेतात आणि सत्तेत आले की तेच नगरपालिकेचा गळा धरतात. एकाही पक्षाला मी यातून वगळत नाही.

स्थगिती उठवा. उठवणार नसाल तर कारण लेखी द्या. कलम ९३ लावताना गव्हर्नरलाही जाहीर उद्घोषणा काढावी लागे. आम्हाला अजून दोन ओळींचं पत्रही मिळालेलं नाही.

आपला,
नगरपरिषद हद्दीतला एक करदाता