डेंटल स्कूलसाठी बायोलॉजीच का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत दंतवैद्य व्हायचं असेल तर आधी कॉलेजात कोणता मुख्य विषय, म्हणजे मेजर, घ्यावा हे विचारणारे फोन मला मराठी घरांतून सतत येतात. फोन सहसा मुलांचा नसतो, आईवडिलांचा असतो. आणि पुष्कळदा त्यांच्यामागे भारतातल्या काकांचा किंवा मामांचा ठाम सल्ला असतो: "बायोलॉजीच घ्यायला सांग, नाहीतर पुढचं सगळं बंद." हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असला तरी चुकीचा आहे. त्यापायी चांगली मुलं हिरमुसताना मी पाहते. आपलं वर्तमानपत्र दोन्हीकडच्या घरांत वाचलं जातं, म्हणून हे पत्र.

मी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून बीडीएस केलं. पुढे इथे पुन्हा शिकून परवाना मिळवला आणि आता ओहायोत प्रॅक्टिस करते. डेंटल स्कूलला अर्ज करण्याआधी मुलांनी डेंटिस्टचं काम जवळून पाहिलेलं असावं अशी इथे अपेक्षा असते. त्यासाठी कॉलेजातली मुलं माझ्या क्लिनिकमध्ये येतात, खुर्चीच्या बाजूला उभी राहून पाहतात, आणि दुपारी जेवताना मोकळेपणाने बोलतात. घरी जे बोलत नाहीत तेही बोलतात.

आपल्याकडे बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, मग नीट ही प्रवेशपरीक्षा, मग बीडीएस अशी वाट आहे. तिथे विषय चुकला की वाट जवळजवळ बंदच होते. इथे बहुतेक मुलं आधी चार वर्षांची पदवी घेतात आणि त्यानंतर डेंटल स्कूलला जातात, तेही साधारण चार वर्षांचं. पदवी कशात आहे याची अट डेंटल स्कूल घालत नाही. अट असते ठरावीक कोर्सेसची: बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, सहसा प्रत्येकी वर्षभर आणि लॅबसह. बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्रीही लागते. काही ठिकाणी ॲनाटॉमी किंवा मायक्रोबायोलॉजी मागतात, म्हणून त्या त्या स्कूलची यादी पाहायलाच हवी. हे कोर्स इतिहास घेतलेल्या मुलीलाही करता येतात आणि संगीत घेतलेल्या मुलालाही.

बायोलॉजी मेजरचा एक फायदा मी नाकारत नाही. हे बरेचसे कोर्स त्या पदवीतच येतात, वेगळी जुळवाजुळव करावी लागत नाही. ज्याला तो विषय मनापासून आवडतो त्याने तो जरूर घ्यावा. माझा आक्षेप आहे तो न आवडणाऱ्याच्या गळ्यात तो बांधण्याला.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाला अर्थशास्त्राची ओढ होती. घरच्यांच्या आग्रहाने त्याने बायोलॉजी घेतलं. सक्तीच्या विज्ञान कोर्सेसमध्ये त्याला चांगले गुण होते. गाडी अडली ती इकॉलॉजी आणि वनस्पतिशास्त्राच्या वरच्या वर्गांत, म्हणजे डेंटल स्कूलने कधी मागितलेच नव्हते अशा कोर्सेसमध्ये. तिथे त्याला सी ग्रेड मिळत गेली. डेंटल स्कूलचे अर्ज ज्या केंद्रीय सेवेतून जातात तिथे कॉलेजातला प्रत्येक कोर्स मोजला जातो आणि विज्ञानाचा जीपीए, म्हणजे ग्रेड्सची चारपैकी सरासरी, वेगळा काढून दाखवला जातो. एखादा कोर्स पुन्हा करून ए मिळवला तरी आधीची ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही धरतात. प्रवेश मिळालेल्या मुलांचा सरासरी जीपीए ३.६ च्या आसपास असतो. न आवडणाऱ्या विषयात घालवलेली दोन वर्षं तिथे किती महागात पडतात, हे त्या मुलाच्या चेहऱ्यावर मी वाचलंय.

दुसरी गोष्ट डॅट या प्रवेशपरीक्षेची. त्यात विज्ञानाचे १०० प्रश्न असतात: ४० बायोलॉजीचे, ३० जनरल केमिस्ट्रीचे, ३० ऑरगॅनिकचे. फिजिक्स मुळीच नसतं. मग उताऱ्यांवरचे ५० प्रश्न आणि गणिताचे ४०. आणि ९० प्रश्न असतात आकार डोळ्यांपुढे उभा करण्याचे: घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, चार कोनांचा लहानापासून मोठ्यापर्यंत क्रम काय, ही वस्तू कुठल्या फटीतून आरपार जाईल. हे बायोलॉजीच्या कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत. शिल्पकला शिकणारी एक मुलगी मला म्हणाली की तिला हा भाग खेळासारखा वाटला. मला नवल वाटलं नाही. दाढेचा आकार मेणात कोरताना बीडीएसच्या पहिल्या वर्षी आम्ही किती घाम गाळला होता! उताऱ्यांच्या भागात इतिहास किंवा साहित्य शिकलेली मुलं सरावाने पुढे असतात, हेही पाहते.

काळजी घ्यायची ती वेगळ्याच जागी, आणि तिथे घरची मंडळी फारसं लक्ष देत नाहीत. केमिस्ट्रीचे कोर्स एकामागून एक येतात. जनरलचं वर्ष झाल्याशिवाय ऑरगॅनिक नाही, आणि ऑरगॅनिक झाल्याशिवाय बहुधा बायोकेमिस्ट्री नाही. पदवीनंतर लगेच डेंटल स्कूलला जायचं तर अर्ज तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात, जूनच्या सुरुवातीलाच गेलेला बरा, आणि डॅटही त्याच सुमारास द्यावी लागते. म्हणजे पहिल्याच सत्रात जनरल केमिस्ट्रीला नाव नोंदवायला हवं. मेजर बहुतेक कॉलेजांत दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवता येतो. इंजिनिअरिंगचा अपवाद, तिथे पहिल्यापासून वेळापत्रक भरलेलं असतं, लॅबच्या वेळा आदळतात, त्यामुळे कोर्स निवडायला मदत करणाऱ्या कॉलेजच्या ॲडव्हायझरला पहिल्या महिन्यातच भेटावं. ज्यांनी हे उशिरा सुरू केलं त्यांना एक जादा वर्ष लागतं. त्या वर्षाची फी कोण भरणार, हा प्रश्न आता आणखी गंभीर झाला आहे, कारण जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या डेंटल विद्यार्थ्यांना सरकारी कर्जावर वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलरची मर्यादा आहे. बऱ्याच डेंटल स्कूलचा खर्च याहून वर जातो.

आणि पहिल्या अर्जात प्रवेश मिळालाच नाही तर? असं पुष्कळांचं होतं. त्या वर्षी मुलाच्या हातात त्याची पदवीच असते. ती आवडत्या विषयाची असेल तर तो उमेदीने नोकरी करतो आणि पुन्हा अर्ज करतो. नावडत्या विषयाची असेल तर दुसऱ्या अर्जापर्यंत त्याच्यात बळच उरत नाही. हे मी एकाहून अधिक घरांत पाहिलं आहे.

भारतातल्या काका-मामांना माझी विनंती आहे की पुढच्या फोनवर मेजर विचारण्याऐवजी केमिस्ट्री कुठवर आली ते विचारा. आणि संपादक महोदय, आपल्या शिक्षणविषयक पानावर परदेशी प्रवेशांची माहिती येते तेव्हा नीटच्या वाटेची आणि इथल्या वाटेची गल्लत होऊ नये म्हणून दोन्ही वेगवेगळ्या छापल्यात तर अनेक घरांतले वाद मिटतील. इथल्या बाजूची माहिती तपासून द्यायला मी आनंदाने तयार आहे.

आपली नम्र,
एक दंतवैद्य वाचक
ओहायो, अमेरिका