तूट मोजताना भलताच आकडा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिका आणि चीन यांच्या व्यापारातल्या वादाच्या बातम्यांत दोन आकडे हमखास येतात. एक, दोन देशांमधली व्यापारतूट. दुसरा, डॉलरच्या तुलनेत युआनचा त्या दिवशीचा भाव. तूट वाढली की चीन जिंकला आणि युआन उतरला की चीनने तो मुद्दाम पाडला, असा अर्थ त्यांतून सर्रास लावला जातो. हे अर्थ बहुतेक वेळा चुकतात, कारण मोजपट्टीच चुकीची असते. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी तूट. २१ जुलै २००५ रोजी चीनने ८.२८ युआनला एक डॉलर हा बांधलेला दर सोडला आणि त्याच दिवशी युआन सुमारे २.१ टक्क्यांनी वर नेला. जागतिक आर्थिक संकटाच्या काळात, २००८ ते २०१० अशी दोनेक वर्षे, दर पुन्हा गोठवला गेला. एरवी युआन चढतच राहिला आणि जानेवारी २०१४ मध्ये डॉलर साधारण ६.०५ युआनवर आला. अमेरिकेची मागणी हीच होती. तरीही चीनबरोबरच्या वस्तुव्यापारात अमेरिकेची २००५ मधली २०२ अब्ज डॉलरची तूट २०१४ मध्ये ३४० अब्जांच्या वर गेली. युआन महाग होऊन काहीच साधले नाही, असे यावरून कोणालाही वाटेल. पण चीनचे साऱ्या जगाबरोबरचे चालू खात्याचे (वस्तू, सेवा आणि परदेशातले उत्पन्न यांच्या एकत्रित हिशेबाचे) आधिक्य २००७ मध्ये जीडीपीच्या सुमारे १० टक्के होते, ते २०१४ पर्यंत २ टक्क्यांच्या आसपास उतरले होते. खरा असमतोल ओसरत होता, तेव्हा मथळ्यातली तूट फुगत होती.

पुढे नेमके उलटे घडले. २०१८ पासून अमेरिकेने चिनी मालावर आयातशुल्क लादले. चीनबरोबरची तूट २०१८ मध्ये ४१९ अब्ज डॉलर होती, ती २०२४ मध्ये २९५ अब्जांवर आली. शुल्क लागू पडले म्हणावे, तर त्याच काळात अमेरिकेची जगाबरोबरची वस्तुव्यापारातली तूट ९०० अब्जांच्या आतून १,२०० अब्जांवर गेली. व्हिएतनामबरोबरची तूट ४० अब्जांवरून १२३ अब्जांवर पोहोचली. जुळणीचे शेवटचे टेबल दुसऱ्या देशात हलले की तूट त्या देशाच्या नावावर चढते. सुटे भाग पूर्वीच्याच कारखान्यांतून येत राहू शकतात.

सीमाशुल्क खाते मालाची पूर्ण किंमत शेवटच्या जुळणीच्या देशाच्या नावे लिहिते, हे याचे कारण. २००९ च्या सुमारास आयफोन चीनमधून सुमारे १७९ डॉलर खर्चाने बाहेर पडत असे. त्यात चीनमधल्या जुळणीचा वाटा होता साडेसहा डॉलर. बाकीची रक्कम जपान, जर्मनी, दक्षिण कोरिया आणि खुद्द अमेरिकेतल्या सुट्या भागांची होती. हिशेबात मात्र सगळे १७९ डॉलर चीनच्या खात्यावर पडत.

याच आकड्यावर धोरण बेतले की काय होते, ते २ एप्रिल २०२५ रोजी दिसले. त्या दिवशी जाहीर झालेल्या अमेरिकी शुल्कांचे सूत्र असे होते: एखाद्या देशाबरोबरची वस्तुव्यापारातली तूट भागिले त्या देशातून होणारी आयात, आणि येईल त्याचे निम्मे. चीनसाठी २९५ भागिले ४३९, म्हणजे ६७ टक्के, आणि निम्मे करून ३४. व्हिएतनामसाठी याच रीतीने ९० टक्क्यांच्या किंचित वरचा आकडा आला आणि त्याचे निम्मे वरच्या पूर्णांकात नेऊन ४६ निघाले. त्या देशांचे शुल्क प्रत्यक्षात किती, चलन स्वस्त ठेवले आहे का, यांपैकी काहीही या भागाकारात येत नाही. सेवाव्यापारही येत नाही, आणि त्यात अमेरिकेचे जवळपास ३०० अब्ज डॉलरचे आधिक्य आहे. इतके महत्त्वाचे दर इतक्या कच्च्या गणितावर ठरावेत, ही गंभीर बाब आहे.

आता चलन. चलन ‘पाडणे’ म्हणजे प्रत्यक्षात काय करणे, हे बातम्यांत क्वचितच सांगितले जाते. निर्यातदाराला डॉलर मिळतात. मजुरी आणि कच्चा माल यांसाठी त्याला युआन हवे असतात, म्हणून तो डॉलर बँकेला विकतो. असे सगळे डॉलर बाजारात आले तर युआन वधारेल. ते टाळायचे तर मध्यवर्ती बँक नवे युआन निर्माण करून डॉलर विकत घेते आणि ते बहुतांशी अमेरिकी सरकारच्या रोख्यांत गुंतवते. या मार्गाने चीनची परकीय चलनाची गंगाजळी जून २०१४ मध्ये ३.९९ लाख कोटी डॉलरवर गेली होती.

पण प्रत्येक डॉलरमागे युआन बाहेर पडतो आणि भाववाढीचा धोका उभा राहतो. म्हणून मध्यवर्ती बँक ते पैसे पुन्हा शोषून घेते: बँकांना अल्पमुदतीची बिले विकून किंवा राखीव निधीचे प्रमाण वाढवून. जून २०११ मध्ये चीनच्या मोठ्या बँकांना ठेवींपैकी २१.५ टक्के रक्कम मध्यवर्ती बँकेत अडकवून ठेवावी लागत होती. पैसा असा अडकवण्याचा खर्च झेपावा म्हणून ठेवींवरचे व्याज दाबून ठेवले गेले. जुलै २०११ मध्ये महागाई ६.५ टक्के होती आणि एक वर्षाच्या ठेवीवर व्याज साडेतीन टक्के. म्हणजे बचत करणाऱ्याचे त्या वेळी वर्षाला तीन टक्के या दराने बुडत होते. निर्यातदाराला मिळालेली सवलत अशा रीतीने सामान्य ठेवीदाराच्या खिशातून जाते, आणि त्याची खर्च करण्याची ऐपत तेवढी कमी होते. चीनमध्ये घरगुती खर्चाचा जीडीपीतला वाटा ४० टक्क्यांच्या आत अडकून राहिला, त्याच्या कारणांपैकी हे एक. भांडणाचे मूळ शोधायचे तर इथे शोधावे लागते.

मध्यवर्ती बँक खरोखर डॉलर विकत घेत होती का, या कसोटीवर ५ ऑगस्ट २०१९ ची घटना तपासून पाहावी. त्या दिवशी डॉलर सात युआनच्या वर गेला आणि अमेरिकी अर्थखात्याने चीनला चलनात फेरफार करणारा देश ठरवले. अर्थखात्याच्या २०१५ च्या कायद्याखालच्या कसोट्या तीन आहेत: अमेरिकेबरोबर मोठे व्यापार-आधिक्य, चालू खात्याचे मोठे आधिक्य आणि बारा महिन्यांत जीडीपीच्या किमान २ टक्के इतकी, सातत्याने केलेली परकीय चलनाची खरेदी. त्या वर्षी मेमध्ये अर्थखात्याच्याच अहवालात चीन यांपैकी फक्त पहिल्या कसोटीत बसत होता. मग १९८८ च्या जुन्या, सैल शब्दांच्या कायद्याचा आधार घेतला गेला. अमेरिका-चीन व्यापारकरारावर सह्या होण्याच्या दोन दिवस आधी, १३ जानेवारी २०२० रोजी, हा शिक्का काढूनही टाकला.

शिवाय शुल्क लादले की ज्याच्यावर लादले त्याचे चलन बाजारात आपोआप उतरते, कारण त्याच्या मालाची मागणी घटणार असते. २०१८ च्या एप्रिल ते ऑक्टोबर या काळात युआन सुमारे १० टक्के उतरला आणि तेव्हाच्या शुल्काचा बराच भार त्यात विरला. त्याआधी, २०१५ आणि २०१६ मध्ये, चीन उलट डॉलर विकून युआन सावरून धरत होता. जानेवारी २०१७ अखेर गंगाजळी तीन लाख कोटींच्या किंचित खाली आली होती. एप्रिल २०२४ मध्ये डॉलर १६० येनवर गेल्यावर जपाननेही येन सावरायला डॉलरच विकले.

चीन निर्दोष आहे, असे मी म्हणत नाही. २०२४ मधले त्याचे वस्तुव्यापारातले आधिक्य त्याच्याच आकडेवारीनुसार ९९० अब्ज डॉलरच्या वर होते, आणि युआनचा आजचा स्वस्तपणा भावफलकावर दिसत नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये अमेरिकेत महागाई अनुक्रमे ४.१ आणि २.९ टक्के होती, चीनमध्ये दोन्ही वर्षी ०.२ टक्के. दर जागचा हलला नाही असे धरले, तरी दोन वर्षांत चिनी किमती अमेरिकी किमतींच्या तुलनेत सुमारे सव्वासहा टक्क्यांनी उतरल्या. मागणी घरातच कमी पडते तेव्हा चलन असे किमतींमार्फत स्वस्त होते, मध्यवर्ती बँकेने एक डॉलरही न घेता.

नुसता दर बदलून भागत नाही, हे जपानने दाखवले आहे. डॉलर उतरवण्यासाठी अमेरिका, जपान आणि आणखी तीन देशांनी २२ सप्टेंबर १९८५ रोजी केलेल्या प्लाझा करारानंतर डॉलर सुमारे २४० येनवरून सव्वादोन वर्षांत १२० च्या आसपास आला. तरी जपानबरोबरची अमेरिकी तूट १९८५ मधल्या ४६ अब्जांवरून १९८७ मध्ये ५६ अब्जांवर गेली. चलन बदलले की आयातीची किंमत लगेच वाढते आणि नग मात्र सावकाश कमी होतात, त्यामुळे तूट आधी वाढते. जपानी कंपन्यांनी नफा कापून अमेरिकेतल्या किमती दाबून धरल्या, ही आणखी एक अडचण. आणि चालू खाते म्हणजे शेवटी देशाची बचत वजा गुंतवणूक. अमेरिकेची बचत कमी आणि जपानची जास्त, हे दोन्हीकडे तसेच राहिले. महाग येनचा फटका सौम्य करायला जपानने व्याजदर ५ वरून २.५ टक्क्यांवर आणला आणि जमीन व शेअरच्या भावांचा फुगा फुगला.

तेव्हा संपादक महाशय, माझी विनंती आहे की अशा बातम्यांसोबत तीन आकडे छापावेत. पहिला, दोन्ही देशांचे चालू खाते, जीडीपीच्या टक्केवारीत. दुसरा, गंगाजळीतला महिन्याचा बदल. चीन तो पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या सुमारास देतो. त्यातला काही फरक रोख्यांच्या भावांमुळे आणि युरो-येनच्या दरांमुळे पडतो, हेही नमूद व्हावे. तिसरा, महागाई वजा करून अनेक चलनांच्या तुलनेत काढलेला वास्तविक विनिमय दर. बाझल इथली बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स तो दरमहा देते. ‘युआन पाडला’ असे लिहिण्याआधी चीनच्या मध्यवर्ती बँकेने सकाळी सव्वानऊला दिलेला मध्यदर पाहावा. दिवसभरात युआन त्याच्या वरखाली २ टक्केच हलू शकतो. मध्यदर आदल्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा मजबूत दिलेला असेल, तर बँक त्या दिवशी युआन पाडत नसून सावरत असते.

आपला,
एक नियमित वाचक