हॉब्सनच्या दाराशी उभा घोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणुका आल्या की 'मतदारांपुढे हॉब्सन्स चॉइस' असं हमखास वाचायला मिळतं आणि अर्थ अभिप्रेत असतो, दोन्ही उमेदवार सारखेच वाईट. हा अर्थ चुकीचा आहे. त्याला आपल्याकडे 'इकडे आड, तिकडे विहीर' आहेच. हॉब्सनकडे दोन पर्याय नसतच. समोर एक घोडा असे. तो घ्या, नाहीतर पायी जा.

टॉमस हॉब्सन केंब्रिजचा. केंब्रिज-लंडन मार्गावर माल आणि पत्रांची ने-आण करायची आणि विद्यापीठातल्या मुलांना घोडे भाड्याने द्यायचे, हा त्याचा धंदा. तबेल्यात ४० च्या आसपास घोडे, पण निवडायची मुभा कुणालाच नाही. दाराशी जो उभा असेल तोच घ्यायचा. कारण मुलांना सारखे तेच चपळ घोडे हवे असत आणि ती त्यांना दमेपर्यंत पिटाळत. म्हणून फिरून आलेला घोडा रांगेच्या शेवटी जाई आणि विश्रांती घेतघेत पुन्हा दाराशी येई. आपल्या रिक्षा स्टँडवर 'नंबर त्यांचा आहे' म्हणतात, तसंच हे. निबंधकार रिचर्ड स्टील यांनी १७१२ मध्ये 'स्पेक्टेटर' या लंडनच्या नियतकालिकात ही हकीकत लिहिली. गिऱ्हाइकांसारखाच घोड्यांनाही सारखा न्याय मिळे, हे त्यांनी आवर्जून नोंदवलं आहे.

वाक्प्रचारात मात्र उरली ती केवळ सक्ती, मुक्या जनावरांची काळजी गळून पडली. याचं मला फार वाईट वाटतं. याच माणसाने केंब्रिजला स्वच्छ पाणी आणणाऱ्या पाटाला हातभार लावला आणि त्याच्या देखभालीसाठी जमीन ठेवली. तो पाट आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. प्लेगमुळे लंडनच्या फेऱ्या बंद पडल्या असताना जानेवारी १६३१ मध्ये तो वारला, तेव्हा केंब्रिजमध्ये शिकत असलेल्या कवी मिल्टनने त्याच्यावर दोन कविता लिहिल्या.

पहिली काही वर्षं मीही वर्गात 'कात्रीत सापडणे' असाच अर्थ सांगत होते. चूक कळल्यावर मराठी प्रतिशब्द शोधत बसले. 'पदरी पडलं, पवित्र झालं' जवळचं वाटलं, पण ते घेऊन झाल्यानंतरचं समाधान. इथे तर घ्यायच्या आधीचीच अट आहे. मग मी फळ्यावर 'दाराशी उभा तोच घोडा' एवढंच लिहू लागले. मुलांना दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे.

आपली एक वाचक,
निवृत्त इंग्रजी शिक्षिका, वाई